क्लोरीन टाकूनही काउंट वाढतोच? डोस वाढवण्याआधी हे तपासा

लक्षणं

भाज्या-फळं धुण्याच्या पाण्यात क्लोरीन टाकूनही मालावरच्या जंतूंचा आकडा, म्हणजे काउंट, खाली येत नाही, त्याबद्दल हे आहे. पुढच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकदम दिसत असतील तर हाच बिघाड समजा.

- आठवडाभर टिकायला हवा असा कापलेला माल तिसऱ्या-चौथ्या दिवशीच पिशवीत पाणी सोडतो, बुळबुळीत होतो, उघडल्यावर आंबूस वास मारतो.
- लॅबचा रिपोर्ट एका आठवड्यात छान, पुढच्या आठवड्यात कोलिफॉर्म (अस्वच्छतेची खूण मानले जाणारे जिवाणू) आणि यीस्ट-मोल्ड (बुरशी) वर. माल तोच, माणसं तीच.
- सकाळी टाकीतलं पाणी तपासलं तर ठीक, दुपारनंतरच्या बॅचेस मात्र हमखास खराब.
- टाकीजवळ उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, तरी काउंट खाली येत नाही.
- एटीपी स्वॅब (यंत्रावर घाण उरली का ते बोळा फिरवून बघायची चाचणी) रोज त्याच एका जागी नापास. पुन्हा घासलं की पास, दुसऱ्या दिवशी सकाळी परत नापास.
- माल वाहणाऱ्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला, गॅस्केटच्या कडेला, नोझलच्या तोंडाशी बोटाला लागणारा चिकट, कधी गुलाबीसर थर.

यावर सगळीकडे पहिला उपाय ठरलेला असतो: अजून हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं द्रावण) ओता. भाज्या-फळं धुणाऱ्या आणि कापणाऱ्या युनिट्समध्ये हेच दुखणं मी वर्षानुवर्षं निस्तरतो आहे. मुळात डोसच कमी ठरवला होता अशा जागा मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळीकडे आजार रेड्याला आणि डाग पखालीला.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करून घ्या, नाहीतर पुढच्या तपासण्या उगाच वाटतील. धुण्याच्या पाण्यातलं क्लोरीन भाजी निर्जंतुक करत नाही. पानाच्या सुरकुतीत, कापलेल्या कडेत बसलेल्या जंतूंपर्यंत ते नीट पोचतच नाही. चांगली धुलाई झाली तरी मालावरचे जंतू दहाव्या, फार तर शंभराव्या हिश्श्यावर येतात. क्लोरीनचं खरं काम पाणी राखायचं. एका खराब पानावरचे जंतू टाकीतल्या बाकीच्या मालाला लागू नयेत, एवढ्यासाठी ते असतं. म्हणून सकाळी किती टाकलं याला फारसा अर्थ नाही. शेवटची टोपली पाण्यात पडली तेव्हा किती शिल्लक होतं ते सांगा.

१. मोजमाप खरं आहे का

याला काहीच खर्च नाही, म्हणून हे पहिलं. क्लोरीन मोजायच्या टेस्ट स्ट्रिपच्या डबीवरची तारीख बघा. डबीचं झाकण धुण्याच्या जागेतच दिवसभर उघडं राहत असेल तर तारीख असूनही त्या पट्ट्या गेल्या समजा, कारण दमट हवा त्यांना मारते. पट्टी एकूण क्लोरीन दाखवते की मुक्त क्लोरीन, तेही वाचा. भाजीच्या रसाशी जोडलं गेलेलं क्लोरीन एकूण आकड्यात दिसतं, पण जंतू मारायला ते जवळपास निकामी असतं. एकूण १०० पीपीएम (लिटरमागे १०० मिलिग्रॅम) आणि मुक्त १० असं पाणी मी पाहिलंय. वहीत मात्र रोज ‘१००, ओके’.

आता डीपीडीच्या गोळीची गोष्ट. पाण्यात क्लोरीन असलं की ही गोळी ते गुलाबी करते. एका ठिकाणी ऑपरेटर म्हणाला, “साहेब, सकाळपासून क्लोरीन शून्य येतंय. अर्धा कॅन ओतला तरी शून्यच.” हॉलमध्ये पाय टाकला तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हटलं, माझ्यासमोर टेस्ट कर. कुपीत गोळी पडली, क्षणभर गुलाबी चमक आली आणि दुसऱ्या क्षणी पाणी परत स्वच्छ. क्लोरीन शून्य नव्हतं. ते इतकं जास्त होतं की रंगच उडवून टाकत होतं. साध्या डीपीडी किटची झेप जेमतेम ५-१० पीपीएमपर्यंत असते, त्यामुळे धुण्याच्या टाकीचं पाणी पातळ केल्याशिवाय त्यात मोजताच येत नाही. १० मिली पाणी घ्या, डिस्टिल्ड पाण्याने १ लिटर करा, मोजा आणि आलेल्या आकड्याला शंभराने गुणा. साधं नळाचं पाणी वापरू नका. त्यात स्वतःचं क्लोरीन असतं, नाहीतर ते आपलं खातं.

डोसिंग आपोआप होत असेल, म्हणजे ओआरपी (पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद, मिलिव्होल्टमध्ये) बघून पंप चालू-बंद होत असेल, तर सेन्सर काढून त्याचं टोक बघा. थर बसलेला सेन्सर मंद होतो आणि पंप तासभर जुन्या स्थितीवर चालत राहतो. पडद्यावरच्या ६५०-७०० मिलिव्होल्टवर डोळे झाकून विसंबू नका, दिवसातून दोनदा किटने ताडून पाहा.

२. कॅनमध्ये हायपो उरलंय का

सोडियम हायपोक्लोराइट नुसतं ठेवूनही मरतं. ऊन, उकाडा आणि लोखंडासारख्या धातूंचा अंश ही त्याची तीन मारेकरी. कॅनवर १० टक्के छापलेलं असतं, पण ते भरल्या दिवसाचं. पत्र्याखाली दोन महिने तापलेल्या कॅनमध्ये त्यातलं किती उरलंय हे मोजल्याशिवाय कळायचं नाही.

हिशोब सोपा आहे. ताजं १० टक्के हायपो १००० लिटर पाण्यात १ लिटर टाकलं की साधारण १०० पीपीएम होतं. कॅनमधलं ६ टक्क्यांवर आलं असेल तर तेवढ्याच मापाने ६० मिळतात आणि माप टाकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून स्वच्छ पिण्याच्या पाण्याची एक बादली घ्या, भाजी न टाकता मापाने हायपो मिसळा आणि मोजा. आकडा निम्मा आला तर दोष कॅनचा. आकडा बरोबर आला आणि टाकीत मात्र कमी येतोय, तर दोष टाकीत. पाच मिनिटांच्या या चाचणीने निम्मी भांडणं मिटतात.

नवा कॅन आला की त्यावर तारीख घाला, सावलीत गारव्याला ठेवा आणि जुना आधी संपवा. उरलेलं नव्यात ओतून ठेवण्याची सवय मोडा.

३. पीएच

ज्यांनी डोस वाढवून पाहिला आणि काहीच फरक पडला नाही, त्यांचं उत्तर बहुधा इथे असतं.

पाण्यातलं मुक्त क्लोरीन दोन रूपांत असतं. एक हायपोक्लोरस आम्ल, हे जंतूंना झपाट्याने मारतं. दुसरं हायपोक्लोराइट, हे त्याच्यापुढे फारच आळशी. कुठलं किती हे पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप, ठरवतो. पीएच ६.५ ला सुमारे नव्वद टक्के कामाचं रूप असतं, ७.५ ला निम्मं, ८ ला जेमतेम पाव आणि ८.५ च्या पुढे दहावा हिस्सासुद्धा नाही. किटवर मात्र दोन्ही रूपं एकत्र मोजली जातात, त्यामुळे १०० पीपीएम दिसतंय आणि कामाचे दहाच आहेत असं सर्रास घडतं.

यातली गंमत अशी, की हायपो स्वतः अल्कधर्मी असतं. तुम्ही जितकं जास्त ओतता तितका पीएच चढतो आणि क्लोरीन तितकंच निकामी होत जातं. म्हणजे औषधच दुखणं वाढवतं.

धुण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ७ च्या आसपास ठेवा. पट्टीऐवजी साधा पीएच मीटर घ्या, कारण क्लोरीन काही पट्ट्यांचे रंग उडवतं. मीटर आठवड्यातून एकदा तरी बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) लावून घ्या. पीएच खाली आणायला बहुतेक जण सायट्रिक आम्ल वापरतात आणि ते चालतं. पण ६ च्या खाली जाऊ देऊ नका, तिथून क्लोरीन हवेत सुटायला लागतं आणि स्टीलही झिजतं.

आम्ल आणि हायपो एकाच मगमध्ये, एकाच बादलीत कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. दोन्ही वेगवेगळे पातळ करून, टाकीच्या दोन टोकांना, पाणी फिरत असताना टाका. मापाचे मगही वेगळ्या रंगांचे ठेवा. हे नियमावलीतलं शोभेचं वाक्य नाही. एकच मग दोन्हींना वापरल्यामुळे हॉल रिकामा करावा लागलेला मी पाहिला आहे.

४. दुपारपर्यंत पाण्याचं काय होतं

सकाळी चांगलं आणि दुपारी खराब, तर टाकीपाशी उभे राहून दर अर्ध्या तासाला मोजा. एकच दिवस करा. कापलेल्या कडेतून रस गळतो, माती सुटते, आणि हे सगळं क्लोरीन खातं. तुकडे जितके बारीक तितका रस जास्त, म्हणून अख्ख्या पानांना पुरलेला डोस बारीक चिरलेल्या मालाला पुरत नाही.

टाकीजवळचा तो उग्र, डोळ्यांत जाणारा वास पुष्कळदा क्लोरीन भरपूर असल्याची खूण नसते. अमोनिया आणि प्रथिनांच्या अंशांशी जुळून बनलेल्या क्लोरामाइन्सचा तो वास. म्हणजे क्लोरीन वापरलं गेलं, आता उरलं नाही. पीएच ठीक असूनही वास येत असेल तर पाणी बदलायची वेळ झाली. वरून हायपो ओतून उपयोग नाही.

उपाय स्वस्तातला आहे. माल टाकीत जाण्याआधी साध्या स्वच्छ पाण्याच्या फवाऱ्याखालून काढा, म्हणजे माती आणि रस तिथेच जाईल. मग क्लोरीनची टाकी. जमलं तर दोन टाक्या, आणि दुसरीचं पाणी पहिलीत उलटं सोडा. जाळी दर तासाला साफ करा. पाणी कधी बदलायचं ते घड्याळावर ठरवू नका. मुक्त क्लोरीन ठरवलेल्या आकड्याखाली घसरलं आणि डोस देऊनही टिकेना, की पाणी सोडून द्या. ५० ते २०० पीपीएम आणि एक-दोन मिनिटांचा संपर्क हा धुण्याचा सर्वसाधारण पट्टा. आकडा पट्ट्याच्या कुठल्याही टोकाला धरा, पण शेवटच्या टोपलीपर्यंत तो तिथेच राहिला पाहिजे.

अख्खी फळं धुणाऱ्यांसाठी एक जोड. ऊन खाल्लेलं गरम फळ गार पाण्यात बुडवलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या खाचेतून पाणी आत ओढलं जातं. त्या पाण्यात जंतू असतील तर तेही आत गेले, मग वरून कितीही धुवा. टाकीचं पाणी फळाच्या गरापेक्षा पाचेक अंश सेल्सिअस गरम ठेवतात ते याचसाठी. १९९९ साली अमेरिकेत आयात आंब्यांमधून साल्मोनेला या आजार करणाऱ्या जिवाणूची साथ आली, तेव्हा गरम पाण्याच्या प्रक्रियेनंतर आंबे गार पाण्यात टाकण्याच्या पायरीवरच बोट ठेवलं गेलं होतं.

५. धुतल्यानंतर कुठे लागतंय

टाकीतून बाहेर पडलेला माल आणि पिशवीत भरायच्या आधीचा माल, असे दोन नमुने एकाच बॅचमधून लॅबला पाठवा. पहिला चांगला आणि दुसरा खराब आला तर टाकीचा पिच्छा सोडा.

मग पहिला संशय पाणी झटकणाऱ्या स्पिनरवर. त्याची जाळीची टोपली बाहेरून चकचकीत असते, पण तळाच्या कडेखाली, बाहेरच्या भांड्याच्या भिंतीवर शेवाळासारखा थर असतो आणि फिरताना तिथलं पाणी परत मालावर उडतं. दुसरा संशय छतावर: गार खोलीतल्या कूलरखाली ठिबकणारं दवाचं पाणी. तिसरा क्रेट्सवर. कच्चा माल आणला तोच क्रेट विसळून धुतलेल्या मालाला वापरला जातो. क्रेट्सचे दोन रंग करा, विषय संपला.

लॅबला पाठवायच्या पाण्यात सोडियम थायोसल्फेट घातलंय ना, हेही विचारा. नाहीतर बाटलीतलं क्लोरीन वाटेत जंतू मारत राहतं आणि खोटाच छान रिपोर्ट येतो. एक आठवडा चांगला आणि एक वाईट, या कोड्याचं उत्तर मला दोनदा नमुन्याच्या बाटलीत सापडलं आहे.

६. यंत्र धुतलं, की नुसतं भिजवलं?

स्वॅब नापास होतोय म्हणजे सॅनिटायझर कमी पडतोय, असं धरून चालू नका. एटीपी स्वॅब जंतू मोजत नाही. काजव्याच्या अंगातल्या विकराच्या जोरावर तो पृष्ठभागावर उरलेला सेंद्रिय अंश उजेडात दाखवतो. तो नापास म्हणजे घाण उरली. आणि घाणीवर टाकलेलं क्लोरीन घाणीवरच खर्च होतं.

क्रम असा: आधी कोरडा कचरा काढा, मग पाण्याने विसळा, मग डिटर्जंट लावून ब्रशने घासा, मग पुन्हा विसळा, आणि सगळ्यात शेवटी सॅनिटायझर. स्वॅब विसळल्यानंतर आणि सॅनिटायझरच्या आधी घ्या. ओल्या क्लोरीनवर घेतलात तर आकडा बिघडतो. फ्रिजमधून काढलेला स्वॅब खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

घासणं वगळून काम भागत नाही, कारण जुन्या थरातले जंतू स्वतःभोवती चिकट आवरण विणून बसलेले असतात. या बायोफिल्मवरून क्लोरीन नुसतं वाहून जातं. तो थर हाताने किंवा ब्रशनेच मोडावा लागतो. जड पाणी असेल तर पांढऱ्या क्षारांचा पापुद्रा बसतो आणि जंतू त्याच्या आडोशाला राहतात. रोजच्या अल्कधर्मी डिटर्जंटने तो निघत नाही, त्यासाठी अधूनमधून आम्लाची धुलाई लागते. ती हायपोच्या दिवशी नाही आणि मधे भरपूर पाण्याने विसळल्याशिवाय तर नाहीच. क्लोरीनऐवजी क्वाट (अमोनियमच्या संयुगांचं सॅनिटायझर) वापरत असाल तर डिटर्जंट नीट विसळलं गेलंय का बघा, साबणाचा अंश क्वाटला जागीच निकामी करतो.

जोरदार पाण्याच्या पाइपबद्दल माझं मत कडक आहे: खाली मोरी असेल तिथे तो वापरूच नका. मोरीत मारलेल्या फवाऱ्याचे बारीक तुषार हवेत चढतात आणि आत्ताच धुतलेल्या पट्ट्यावर उतरतात. लिस्टेरिया या घातक जिवाणूला मोरी आणि साचलेलं पाणी फार मानवतं, आणि फ्रिजच्या गारव्यातही तो वाढतो. २०११ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या एका शेतावरच्या लिस्टेरिया लागलेल्या खरबुजांमुळे ३३ माणसं दगावली. तपासात पुढे आलेल्या गोष्टी अगदी घरगुती वाटाव्यात अशा होत्या: जमिनीवर साचणारं पाणी, आणि आधी दुसऱ्या पिकासाठी वापरलेलं, सहज साफ न होणारं यंत्र.

सॅनिटायझर किती? न विसळता सोडायच्या पृष्ठभागांसाठी अमेरिकेच्या नियमांत क्लोरीनची वरची मर्यादा २०० पीपीएम आहे. तुमच्याकडचा नियम आणि कॅनवरचं लेबल पाहा आणि त्याच्यापुढे जाऊ नका. जास्त ताकदीचं क्लोरीन रात्रभर स्टीलवर राहिलं की बारीक खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांत उद्याचे जंतू राहायला येतात.

७. तीच जागा पुन्हा पुन्हा नापास

आता पाना काढायची वेळ. सगळं करूनही एकच जागा रोज सकाळी नापास होत असेल तर घाण वरून येत नाही, यंत्राच्या पोटातून पाझरते आहे.

एका कन्व्हेयरचं उतरतं टोक असंच छळत होतं. रात्री घासून पास, सकाळी नापास. पट्टा बदलला, ब्रश बदलले, माणूससुद्धा बदलला. शेवटी टोकाचा रोलर काढला आणि उभा धरला, तर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला. रोलर पोकळ होता आणि टोपणाच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर होती. भोक पाडलं तर करड्या रंगाचं, नाक धरायला लावणारं पाणी निघालं. रोज पट्टा सुरू झाला की त्यातला थेंब-थेंब चिरेतून बाहेर. तिथे कुठलं क्लोरीन पोचणार? रोलर भरीव बसवला आणि त्या जागेचा त्रास तिथेच संपला.

उघडून बघायच्या जागा: पोकळ रोलर आणि पाइपचे पाय, त्यात आरपार गेलेले बोल्ट, स्लायसरच्या पात्यामागची प्लेट, फुगलेली किंवा तडकलेली गॅस्केट, सुरीची मूठ, पट्ट्याच्या कड्यांमधले सांधे. उघडण्याआधी वीज मेनपासून तोडा आणि कुलूप लावा. नुसतं बटण बंद करून पात्याजवळ हात घालू नका.

बंद पाइपलाइन असेल तर पाणी न फिरणारे आडवे फाटे आणि टाकीतला बुजलेला स्प्रे बॉल (आतून पाणी फवारणारा भोकांचा गोळा) शोधा. धुलाईच्या परतीच्या पाण्याचं तापमान मोजा, निघतानाचं नाही.

कुठे थांबायचं

- लिस्टेरिया किंवा साल्मोनेला पॉझिटिव्ह आला, तर ही यादी बाजूला ठेवा. तो माल रोखा, लाइन थांबवा आणि अन्नसुरक्षा तज्ज्ञाला बोलवा. ‘निगेटिव्ह येईपर्यंत परत टेस्ट करू’ हा धंदा करू नका. माल बाहेर गेला असेल तर नियामक यंत्रणेला कळवण्याचा प्रश्न येतो आणि तो तुम्ही एकट्याने सोडवायचा नाही.
- वायू सुटला, खोकला सुरू झाला, तर झडप बंद करायला आत जाऊ नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा.
- मोठ्या टाकीच्या आत उतरून घासायचं असेल तर प्रशिक्षित माणसं आणि हवेची तपासणी झाल्याशिवाय नाही.
- पोकळ फ्रेम कापणं, वेल्डिंग, गिअरबॉक्स, विजेचं पॅनल ही कामं यंत्र बनवणाऱ्याच्या किंवा जाणत्या फिटरच्या हातची.
- पाइपलाइनच्या धुलाईचं कॉस्टिक आणि आम्ल, त्यांची तापमानं, वेळा बदलायच्या असतील तर रसायन पुरवणाऱ्याच्या तंत्रज्ञाला समोर उभं करून बदला.
- पहिल्या सहा तपासण्या नीट केल्या, वहीत आकडे लिहिले, तरी दोन आठवडे काउंट हलत नसेल, तर बाहेरच्या माणसाला बोलवा. त्याच्या हातात ती वही द्या. अर्ध्या तासाचे आकडे, पीएच, कॅनच्या तारखा, कुठला स्वॅब कुठे नापास. एवढं तयार असलं की त्याचा पहिला दिवस वाचतो.